वासुदेवरावांचा मंगळवार

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. देवळीच्या बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावरचा दवाखाना. डाव्या हाताला डॉक्टरांच्या खोलीचे हिरवे दार, उजव्या हाताला औषधांची खोली, आणि त्या खोलीच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. मध्ये दोन लांब बाक. भिडी गावची बस नुकतीच येऊन गेलेली, त्यामुळे बाकांवर तीळ ठेवायला जागा नाही. कुणी पायरीवर टेकलेले, कुणी चपलांच्या ढिगाशेजारी. खोकल्यांचे, कण्हण्याचे, लेकरांच्या रडण्याचे संगीत चाललेले. मग खिडकीची झडप वर सरकते. आत पांढरा शर्ट, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा एक आवाज.

"गुडघ्याचे किसनराव, चला. दम्याचे किसनराव, तुमी बसा, तुमाले वेळ हाय."

हा वासुदेवराव डंभाऱ्यांचा प्रवेश. छत्तीस वर्षे तो असाच झाला. टाळ्या पडत नव्हत्या एवढेच.

वासुदेवराव कंपाउंडर. पंचविशी ओलांडली तेव्हा डॉक्टर प्रभाकररावांकडे आले ते इथेच राहिले. त्या काळी औषध बाटलीत मिळे. लाल, गुलाबी, कधी गढूळ पांढरे. कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवायची; एक खाच म्हणजे एक डोस. वासुदेवरावांच्या खाचा अशा सारख्या पडत की वर्ध्याचे डॉक्टरही बघत राहत. बाटल्या गेल्या, गोळ्यांची पाकिटे आली, तरी माणूस खिडकीत तोच राहिला. आणि खरे सांगायचे तर दवाखान्याची वही तोच होता. आतून प्रभाकरराव विचारीत, "वासुदेव, यांचं मागच्या वेळी काय होतं?" आणि विंगेतून प्रॉम्प्टरने शब्द पुरवावा तसे वासुदेवराव खिडकीतूनच सांगत, "पोळ्याच्या आधी पोट बिघडलं होतं साहेब. पिवळ्या गोळीनं अंगावर चट्टे उठले होते. थे गोळी देऊ नका." कितीतरी माणसे त्या स्मरणशक्तीच्या जोरावर धडधाकट घरी गेली. हे त्यांचे पुण्य कुणी नाकारू नये.

दुखण्यासकट नाव पुकारण्याची रीत मात्र नाइलाजाने आली. या मुलखात किसनराव फार, नानाजी फार, बापूजी तर घरटी एक. नुसते "किसनराव" म्हटले की चार जण उठत आणि दारात धक्काबुक्की होई. म्हणून वासुदेवरावांनी नावापुढे दुखणे लावले. गावालाही ते आवडले. दम्याच्या किसनरावांना बाजारातही त्याच नावाने हाक मारू लागले, आणि त्यांच्या लेकाच्या लग्नपत्रिकेवर "दम्याचे" हा शब्द छापता छापता राहिला, असे देवळीत अजून सांगतात. रविवारी बाजाराला निघालेले वासुदेवराव दहा पावले सलग चालू शकत नसत. कुणी जीभ दाखवी, कुणी धोतर वर करून पाय दाखवी. आपल्याला सगळ्यांचे सगळे माहीत आहे, हे त्यांचे वैभव होते.

त्या वैभवातली एक कथा ते आवडीने सांगत. विजयगोपाल गावची शकुबाई. "कोठी कोठी दवाखाने हिंडून आली होती," ते म्हणत, "आपल्या दवाखान्यात एकडाव आली, एकदाच पुकारलं तिले, एकदाच औषध नेलं. चार वर्सं झाले, परत येयाचं काम पडलं नाई."

मग प्रभाकररावांच्या डोळ्यांना कमी दिसू लागले आणि त्यांनी खुर्ची सुनेला दिली. डॉक्टर इला नागपूरच्या. बोलणे मवाळ, पण एकदा ठरवले की ठरवले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वासुदेवरावांपुढे एक कागद ठेवला.

"काका, रुग्णांच्या हक्कांचा फलक लावायचाय दवाखान्यात. छापून आणणार होते, पण पाकिटांवरचं तुमचं अक्षर पाहिलं. तुम्हीच लिहा."

वासुदेवरावांची छाती दोन बोटे फुगली. पांढऱ्या रंगवलेल्या फळीवर निळ्या रंगाने, दोन संध्याकाळी खपून, त्यांनी फलक लिहिला. रुग्णाला आपला आजार समजेल अशा भाषेत सांगितला जाईल. उपचाराचा अंदाजे खर्च आधी सांगितला जाईल. स्त्री रुग्णाला तपासताना सोबत स्त्री असेल. आणि चौथे, रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही, घरच्यांनाही, दिली जाणार नाही. "घरच्यांनाही" या शब्दाचा "घ" त्यांना विशेष साधला होता. ते मागे सरकून, मान तिरपी करून त्याच्याकडे बघत राहिले. अक्षर बघत होते, अर्थ नव्हे. नटाने भाषण तोंडपाठ करावे आणि ते कुणाला उद्देशून आहे हे त्याला प्रयोगातच कळावे, तसे पुढे झाले.

फलक लागला आणि पाठोपाठ मोहिनी आली. माहेर पुलगावचे, दिलेली देवळीत, बी.कॉम. झालेली, एका लेकराची आई. हिरव्या दाराशेजारी तिला टेबल, खुर्ची, कंप्युटर. जो येईल त्याला ती पुठ्ठ्याचा नंबर देई, काय होते ते विचारी, आणि त्याच्या नावाची फाईल करी.

"काका, आता फक्त नंबर पुकारायचा," डॉक्टर इला म्हणाल्या. "नाव नको. दुखणं तर नकोच."

"आन् दोन किसनराव आले तं?"

"एकाचा सात असेल, एकाचा आठ."

दुसऱ्या दिवशी झडप वर सरकली. वासुदेवरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हटले, "सात." बाकावरून कुणी उठेना. गुडघ्याचे किसनराव इकडे तिकडे बघत बसले. शेवटी मोहिनीच उठून त्यांच्यापाशी गेली, वाकून हळूच काही बोलली, आणि हात धरून आत घेऊन गेली.

परत जाताना किसनराव खिडकीशी थांबले. "काय मंग वासुदेवराव, मले नुसता सात नंबर करून टाकलं तुमी. गुडघा तसाच हाय, नाव तेवढं गेलं."

"मी नाई केलं. थ्या फळीनं केलं."

"फळी तं तुमीच लिवली म्हन्तेत." किसनरावांनी काठी सावरली. "पोरगी गुणाची हाय पन. आइकून घेते. तुमी तं आइकायच्या आधीच सांगत होते."

ते शब्द वासुदेवरावांना चुन्यासारखे भाजले.

त्या दिवसापासून त्यांचे डोळे त्या टेबलावरून हलेनात. मोहिनीचा आवाज इतका हळू, की तिच्यापाशी गेलेला माणूस आपोआप वाके. बायका तर पदर तोंडाशी धरून कितीतरी वेळ बोलत. काय बोलत? खिडकीतून वासुदेवरावांना फक्त पाठी दिसत. ज्या माणसांच्या जिभा, घसे, डोळ्यांच्या पापण्या त्यांनी छत्तीस वर्षे पाहिल्या, त्यांच्या आता पाठी. ते कान टवकारत, आणि ऐकू आले नाही की औषधांच्या डब्यांची झाकणे मुद्दाम आपटत. टेबलाकडे वळलेला पंखा त्यांनी एकदा आपल्याकडे फिरवून घेतला. मोहिनीने पाणी प्यायला ग्लास मागितला तर "धुतला नाई" म्हणून सांगितले. ग्लास धुऊन पालथा घातलेला होता, आणि दोघांनाही दिसत होता.

सर्वांत जिव्हारी लागले ते सीताफळांनी. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला सीताफळांची पहिली पिशवी खिडकीवर येई. तो त्यांचा मान. या वर्षी भिडीची एक म्हातारी पिशवी घेऊन आली, खिडकीकडे बघून हसली, आणि पिशवी नेऊन मोहिनीच्या टेबलाखाली ठेवली. "लेकराले देजो बाई," म्हणाली. दुपारी मोहिनीने त्यातली दोन उत्तम सीताफळे वासुदेवरावांसमोर आणून ठेवली.

"काकाजी, घ्या नं."

"मले सर्दी हाय," ते म्हणाले. खरे म्हणजे त्यांना सीताफळासाठी जीव द्यावासा वाटे.

घरी जेवताना रोज हीच कथा. सुमतीबाई वाढत आणि ऐकत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला हजारो दुखण्यांच्या गोष्टी सांगताना ऐकले होते.

"मानसाचं दुखनं का कंप्युटरात बसते?" वासुदेवराव घास हातातच ठेवून विचारत. "काय समजते थ्या पोरीले?"

"हळू बोलते म्हन्तेत ती," सुमतीबाई म्हणाल्या.

"तुले कोनं सांगतलं?"

"बाया सांगतेत." आणि त्या वरण आणायला आत गेल्या.

दर मंगळवारी वासुदेवराव दहाच्या बसने वर्ध्याला जात, ठोक दुकानातून औषधे घेत आणि दोनपर्यंत परतत. त्या मंगळवारी परतले तेव्हा दवाखाना दुपारसाठी बंद झाला होता. मोहिनी जेवायला गेलेली, डॉक्टर इला माडीवर. किल्ली नेहमीप्रमाणे वासुदेवरावांकडे. औषधे लावली. मोहिनीच्या टेबलावर सकाळच्या फायली कपाटात जायच्या होत्या, त्या त्यांनी उचलल्या. तेवढे काम त्यांचे राहिले होते. फाईल उघडायची नाही, वरचे नाव बघून जागेवर लावायची. तिसरी फाईल हातात आली आणि त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

सुमती वासुदेव डंभारे. देवळी.

खाली तारखांचे तीन शिक्के. तिन्ही मंगळवार.

वासुदेवराव मोहिनीच्या खुर्चीत बसले. साऱ्या तालुक्याच्या पोटातले ज्याला ठाऊक, त्याच्या घरातले दुखणे या टेबलावर येऊन कुजबुजून गेले होते. तीनदा. तो बसमध्ये असताना. इथे, या टेबलापाशी, सुमती वाकली असेल. पदर तोंडाशी धरला असेल. आणि त्या कालच्या पोरीने कान दिला असेल. त्यांना राग आला तो सुमतीचा नव्हे, मोहिनीचा. आपल्या घरात शिरून कुणी देव्हाऱ्यातला देव उचलून नेला असे वाटले. आणि रागाच्या तळाशी भीती. काय झाले आहे तिला? तीन खेपा साध्या दुखण्याला होत नाहीत, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार?

तेवढ्यात मोहिनी डबा धुऊन परत आली. आपल्या खुर्चीत वासुदेवराव, हातात ती फाईल, हे बघून दारातच थांबली.

"काय झालं हिले?" वासुदेवरावांनी विचारले.

"काकाजी, मले नाई सांगता येत."

"मायी बायको हाय."

"हो नं. पन त्यायनं सांगाले नाई म्हटलं हाय."

"मले सांगाले नाई म्हटलं?"

 मोहिनीने फक्त भिंतीवरच्या फलकाकडे पाहिले. वासुदेवरावांनीही पाहिले. निळ्या रंगातला तो "घ", सुबक, घाटदार, त्यांचाच.

"एवढं तरी सांग. लय मोठं हाय का?"

"काकाजी, आज तुमाले सांगतलं, तं उद्या तुमचं दुसऱ्याले सांगीन. मंग माह्याजवळ कोनी कायले येईन?" ती रडवेली झाली होती. "मी वरून पानी घेऊन येतो. तवरिक फाईल ठेवून द्या नं."

ती माडीवर गेली. ती मुद्दाम गेली हे वासुदेवरावांना कळले. पोरीने त्यांना रंगमंचावर एकटे सोडले होते, आणि हातात फाईल होती. बांधलेली नव्हती, कुलपात नव्हती. पुठ्ठ्याखाली अंगठा घातला की झाले. डॉक्टरांचे अक्षर तर त्यांना झोपेतही वाचता येई. जे त्या पोरीला माहीत ते मला का नसावे? चाळीस वर्षे तिच्या हातचे खाल्ले ते कुणी? अंगठा पुठ्ठ्याखाली गेला.

"डॉक्टरीन बाई हाय का?"

दारात एक बाई उभी होती. अंगाने वाळलेली, हातात कापडी पिशवी. खुर्चीत कोण आहे हे दिसताच तिचा चेहरा बदलला आणि ती तशीच मागे वळली.

आवाजावरून त्यांनी ओळखले. "शकुबाई? विजयगोपालच्या नं तुमी? या नं. बरं हाय नं? तुमी तं एका औषधात बऱ्या झाल्या."

शकुबाई पायरीवर थांबली. वळली नाही.

"कोनं सांगतलं बरी झालो म्हून?"

"परत आल्या नाई तुमी. म्हून मले वाटलं..."

"भाऊ, तुमी थ्या दिवशी पुकारलं होतं मले. आठवते का?"

वासुदेवरावांना सगळेच आठवे. तेही आठवले. बाजाराचा दिवस, दोन्ही बाक भरलेले, आणि त्यांचा शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. अंग बाहेर येते त्या शकुबाई, चला. गर्भपिशवी खाली उतरण्याचे, बाईमाणूस जे आईजवळही कुजबुजून सांगते ते दुखणे त्यांनी गुडघ्यासारखे आणि दम्यासारखे पुकारले होते. दोन शकुबाई होत्या त्या दिवशी. गोंधळ होऊ नये म्हणून.

"मायी सून बसून होती संग," शकुबाई म्हणाली. "तिच्या माहेरचे दोन मानसं होते बाकावर. चार वर्सं झाले, मी कोनाच्या लग्नात नाई गेलो. चिंधी बांधतो आन् वावरात जातो. बरी कायची होतो भाऊ."

आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"मंग आज..." वासुदेवरावांचा आवाज पहिल्यांदाच खिडकीपर्यंतही पोचला नसता.

"तुमच्या सुमतीबाई भेटल्या होत्या. म्हने, जाय शकू, आता तेथं कोनी पुकारत नाई. मंगळवारी जाय म्हने, मंगळवारी भाऊ नसतेत." ती थोडी थांबली. "तुमी हाय तं मी जातो. पुढल्या मंगळवारी येईन, बस आधीची पकडून."

वासुदेवराव उठले. फाईल अजून हातात होती. ती त्यांनी कपाटात तिच्या जागी उभी केली, न उघडता, आणि कपाट लावले. मग टेबलावरचा पुठ्ठ्याचा एक नंबर उचलून पायरीपर्यंत गेले आणि दुसरीकडे बघत शकुबाईपुढे धरला.

"एक नंबर हाय तुमचा. बसा आतमंधी. डॉक्टरीन बाई पाच वाजता येतेत. मी औषधाच्या खोलीत बसतो, दार लावून. पोरगी येऊन राह्यली. तिच्यासंग बोला."

दार लावून ते औषधाच्या खोलीत बसले. खिडकीची झडपही खाली ओढली. बाहेर मोहिनीची पावले आली, मग ती हळू, दबकी कुजबुज सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कान देण्याचा प्रयत्न केला नाही. पण हेवा गेला असे म्हणता येणार नाही. तो तिथेच होता, छातीच्या डाव्या बाजूला, आणि आता त्याबद्दल दोष द्यायलाही कुणी उरले नव्हते.

त्या दिवसापासून घरी त्यांनी सुमतीबाईंना काही विचारले नाही.  एक मात्र त्यांच्या ध्यानात आले. सुमतीबाई आताशा पाण्याची भरली बादली उचलत नव्हत्या. तांब्यातांब्याने पाणी नेत होत्या. कुणाला वजन उचलायची मनाई असते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? अंदाज मनात आला तो त्यांनी कडू औषधासारखा गिळून टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी स्वतःच बादल्या भरून ठेवल्या. सुमतीबाईंनी बादल्यांकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले. 

दवाखान्यात त्यांनी मोहिनीसाठी ग्लास विसळून तिच्या टेबलावर ठेवला. "सीताफळं हायेत का आणखी?" त्यांनी विचारले. "सर्दी गेली मायी."

दिवाळी झाली आणि ठोक दुकानाने गाडी सुरू केली. औषधे आता थेट दवाखान्याच्या दारात येऊ लागली. डॉक्टर इला म्हणाल्या, "काका, सुटलात तुम्ही. मंगळवारचा हेलपाटा वाचला."

"मले जा लागते," वासुदेवराव म्हणाले. "काम राह्यते वर्धेले." डॉक्टर इलांनी त्यांच्याकडे नीट पाहिले.

काम काहीच नव्हते. वर्ध्याच्या स्टँडवर एका बाकड्यावर ते बसत. शेंगदाण्याची पुडी घेत. सुटणाऱ्या गाड्या बघत. साडेअकराला त्यांच्या मनात पडदा वर जाई: हिरवे दार, ते टेबल, वाकलेली सुमती. आता सांगत असेल. आता ती पोरगी मान हलवत असेल. आता सुमतीला बरे वाटत असेल, आणि ते वाटायला मला पंधरा-सोळा किलोमीटर लांब बसावे लागते.  एकदा ते अर्ध्यातच उठले, देवळीच्या बसच्या पायरीवर एक पाय ठेवला, आणि कंडक्टर "चढा काकाजी" म्हणाला तसा पाय परत काढून बाकड्यावर येऊन बसले.

पुढच्या मंगळवारी सकाळी ते पिशवी घेऊन निघाले तेव्हा सुमतीबाई उंबऱ्यात आल्या. हातात लुगड्याचा पदर, कपाळाला ताजे कुंकू. बाहेर जायची तयारी होती, आणि ती लपवायचीही त्यांनी आज तसदी घेतली नव्हती.

"औषधं तं आता गाडीनं येतेत म्हन्तेत," त्या म्हणाल्या.

वासुदेवराव चपला घालत होते. ते वाकलेलेच राहिले.

"मंग तुमचं काय काम राह्यते वर्धेले? मले तं सांगा."

त्यांनी दुसरी चप्पल घातली, पिशवी खांद्यावर टाकली, आणि छत्तीस वर्षे शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला तो आवाज इतका खाली आणला की फक्त सुमतीबाईंनाच ऐकू जावा.

"थे सांगत नसतेत सुमती. तू आपलं जाऊन ये सावकाश. दोनच्या आधी येत नाई मी."